साक्षगंधाचं पिवळं जाकीट

१

या, असे पुढे सरका. मृदंगाला अजून कणीक लागायची आहे, पेटीवाल्याचं पान संपलेलं नाही, आणि बुवा चहा घेतल्याशिवाय उभे राहत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्या वेळात माझी एक गोष्ट सांगून होईल. देवाच्या दारात बसून सांगतो आहे, तेव्हा तिखटमीठ लावणार नाही. जे पाहिलं तेच सांगेन. आणि शेवटी तुमच्याकडून एक लहानसं काम करून घेईन.

एकोणऐंशी सालचा फाल्गुन. आमच्या कोंढ्याचा जागेश्वर म्हणजे इश्वर मृदंग्याचा एकुलता एक मुलगा. मोहाडीच्या तहसिलीत कारकून लागलेला. बाप दोन वर्षांपूर्वी गेला. घरी आई कलाबाई आणि दीड एकर धान. आसगावच्या सोमाजींची ललिता त्याला पसंत पडली, त्या मंडळींनाही तो पसंत पडला, आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली.

साक्षगंधाला सूट पाहिजे, हे त्या दिवसांत गावोगाव शिरलं होतं. जागेश्वरनं निळ्या टेरीवूलचं कापड आणलं ते कोट-पॅन्टीपुरतंच. तुलाराम शिंप्याच्या दुकानात मी बाकावर बसलो होतो. तुलारामनं कापड दोनदा मोजलं आणि मान हलवली.

"आतल्या जाकिटाले नाही पुरत, बापू."

"मंग राहू द्या."

"काहून राहू द्या? सूट म्हणजे तीन कपडे. आनं जाकीट काही निळंच पाहिजे असं नाही. उलट दुसऱ्या रंगाचं घातलं तर उठून दिसते. सगळं एकाच कापडाचं घातलं का माणूस खताच्या पोत्यावानी दिसते."

तेव्हा सोबत आलेल्या कलाबाईनं पदराखालून एक घडी काढली. इश्वरचं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, उपरणं. मधाच्या रंगाचं. कीर्तनाला मृदंग घेऊन उभा राहायचा तेव्हा तो हेच कमरेला बांधायचा. मला जरा चर्रर्र झालं. सोवळ्याचं वस्त्र, त्याला कात्री लावायची? मी तसं बोललोही.

"पेटीत कसर लागली त्याले, गुरुजी," कलाबाई म्हणाली. "किड्यानं खाण्यापेक्षा पोराच्या छातीवर राहिलं तर देव रागावंन काय?"

यावर मी काय बोलणार? कसर लागलेला भाग टाकून जेमतेम पुढचे दोन पल्ले निघाले. बाकीचं तुलारामनं आपल्या पेटीतून भागवलं. काज, बटन आणि तुरपाई नेहमीप्रमाणे धुरपताबाईकडे गेली.

ही धुरपताबाई म्हणजे आमच्या गोष्टीतलं मुख्य माणूस. साठीची विधवा, काजाला अशी सुई घालायची की काज कापडातच उगवलं असं वाटावं. आणि कीर्तनात बायकांच्या बाजूनं ध्रुपद धरायला तिच्याइतका भरीव आवाज आमच्या पंचक्रोशीत नव्हता. बोलणं मात्र कमी. दिवसभर तोंडात दोरा असायचा, त्यानं सवयच लागली असावी.

२

आसगावला आम्ही दहाबारा माणसं, धुरपताबाई धरून, दोन बैलगाड्यांनी पोचलो. सोमाजींचा नवस होता, मुलीची सोयरीक जुळली तर दारात कीर्तन करीन असा. म्हणून दुपारी कीर्तन, आणि दिवस कलताना साक्षगंध.

ललिताची आई लहानपणीच गेली होती. तिला वाढवलं आजीनं, सत्यभामाबाईंनी. म्हातारीचे गुडघे धरलेले. देवघराच्या खोलीत बाजेवर बसून असायची. त्याच खोलीत कोनाड्यात पितळी डबा, आणि डब्यात तिची एकदाणी, सोन्याच्या मण्यांची एकसरी माळ. साक्षगंधाला ती नातीच्या गळ्यात घालायची, असं आजीनं पाहुण्यांसमोर दोनदा सांगितलं होतं.

जागेश्वर निळा कोट घालून मांडवात शिरला आणि कोटाच्या उघड्या गळ्यातून ते कोशाचं जाकीट झळकलं, तेव्हा पोरंटोरं हसली.

"कंडक्टर आला का हो?" कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते तेजराम. ललिताचे सख्खे मामा. पांढरा सदरा, त्यावर राखी रंगाचं खादीचं जाकीट, ते बारा महिने अंगावर. आसपासच्या गावांत चार माणसं त्यांचा शब्द मानत. "जवाईबापू, आमच्याकडे असं पिवळं जाकीट हे पहिलंच," ते म्हणाले. "दुरून बी वळखू याल."

हे वाक्य लक्षात ठेवा.

कीर्तन उभं राहिलं. पूर्वरंग झाला, मध्यंतर झालं. सोमाजींनी होणाऱ्या जावयाला मान दिला. बुवांच्या गळ्यात हार त्याच्या हातून घातला, आणि पुरुषांच्या बाजूला बुक्क्याची वाटीही त्याच्याच हाती दिली. बायकांकडची वाटी ललितानं फिरवली. मग बुवांनी श्रावणबाळाचं आख्यान लावलं. आंधळ्या आईबापांसाठी पाणी आणायला गेलेला मुलगा आणि राजाचा बाण. मला तर डोळे पुसतापुसता आख्यान कुठं आलं ते कळलं नाही. अर्ध्यात केव्हातरी जागेश्वर शेजारून उठून गेला. उकडत असेल, असं मला वाटलं.

आरती चालू असताना तो परत येताना दिसला. तलावाकडच्या वाटेनं, सरळ आमच्याकडे तोंड करून. कोट हातावर, छातीवरचं जाकीट उन्हात चमकत होतं. मांडवाच्या तोंडाशी येताच त्यानं घाईनं कोट चढवला आणि मागच्या ओळीत उभा राहिला.

आरती संपली. तबक फिरत होतं. एवढ्यात घरातून आजीचा आवाज आला. रडण्याचाही नाही, ओरडण्याचाही नाही, छाती फाटल्यासारखा आवाज.

पितळी डबा उघडा होता. आत फक्त लाल कापसाचा बोळा.

३

पहिली दहा मिनिटं सगळे एकमेकांना धीर देत होते. असंन कुठं, सापडंन. मग डबे उपसले, बाज झटकली, आणि धीर संपला. त्या वेळी तेजराम मामा हळूच बोलले. हळू बोललेलं किती लांब ऐकू जातं हे मी त्या दिवशी पाहिलं.

"सोमाजी, बोलाव का नको समजून नाही राहिलं. पण मी जवाईबापूले देवघराच्या मागच्या दारातून निघताना पाहिलं. आख्यान चालू होतं तवा."

सोमाजी त्यांच्याकडे वळले.

"तुमी कुठं होते?" सोमाजींनी विचारलं.

"मांडवातच. त्या मागच्या बल्लीच्या खांबापाशी. सुरुवातीपासून हललो नाही. तठून मागची वाडी दिसते. पाठमोरा होता, कोट हातावर, कुंपण ओलांडून तलावाकडे गेला. तोंड नाही दिसलं. पण पिवळं जाकीट अख्ख्या आसगावात किती जणांच्या आंगावर आहे?"

सगळ्यांच्या माना जागेश्वरकडे वळल्या.

"तू तलावाकडे गेलता?" सोमाजी.

"हो."

"काहून?"

जागेश्वरचे कान लाल झाले.

"अरे सांग न बाप्पा! काय करून राहिला होता तठी?" कलाबाई कळवळून म्हणाली. पोरगा जमिनीकडे पाहत उभा. मी त्याला मराठी पहिलीपासून शिकवलेलं. त्याचं हे गप्प राहणं मला चोरीपेक्षा जड गेलं.

"पवनीले सायकलवाला धाडा," तेजराम म्हणाले. "ठाण्यात कागद होऊ द्या. मंग मोहाडीच्या साहेबालेही कळंन का त्यांचा कारकून सासरी काय उचलते."

कलाबाई मटकन खाली बसली. त्या एका वाक्यात तिचं सगळं होतं. ठाण्यात नाव गेलं की नोकरी जाणार, सोयरीक तर गेलीच, आणि पुढं कोण या मुलाला दारात उभं करील? दारामागे ललिता उभी होती. तिच्या हातात बुक्क्याची वाटी तशीच होती.

सोमाजींचा पुतण्या पुढं आला. "आधी कोट काढ. झडती घेऊ दे."

तोच धुरपताबाई मध्ये आली. इतक्या चटकन तिला हलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"खिसे पाहा. वरून चाचपा. पण साक्षगंधाचे कपडे आंगावरून उतरवाचे नाहीत. अजून साक्षगंध मोडलं नाही."

पुतण्यानं सोमाजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. खिशांत रुमाल आणि गाडीवानाला द्यायची सुपारी निघाली. बाकी काही नाही.

"तलावाच्या पाळीवर पुरली असंन," तेजराम म्हणाले.

धुरपताबाई जागेश्वरची कॉलर सरळ करायच्या निमित्तानं त्याच्या कानाशी वाकली. मी अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"कितीही उकडलं, कोणी काहीबी म्हटलं, तरी मी सांगल्याबिगर हा कोट काढाचा नाही. तुह्या बापाची आण."

४

"सोमाजीभाऊ," ती म्हणाली, "सायकल धाडाच्या आधी मले थोडा वेळ द्या. उन्हं त्या चिचेच्या झाडाखाली उतरतपर्यंत. मंग ठाणं करा का कचेरी करा."

"तुमी पोराकडच्या, बाई," तेजराम हसले. "तुमाले तर वेळच पाहिजे."

"हो, मी पोराकडची. म्हणून जे विचारीन ते सर्वांसमोर विचारीन."

चिपळ्या पिशवीत ठेवता ठेवता बुवांनी सोमाजींना म्हटलं, "आख्यान अर्ध्यात सोडून कोणी उठत नाही. हे पण पुरं होऊ द्या." सोमाजींनी सायकलवाल्याला थांबवलं.

ती आधी आजीकडे गेली. मी मागोमाग. सत्यभामाबाई डबा मांडीवर धरून बसल्या होत्या.

"माय, ही खोली कवा सुनी होती?"

"सुनी कायची? मी अठीच. गुडघे हलू देते काय?"

"एकदाबी उठल्या नाही?"

आजीनं आठवलं. "बुक्क्याले उठली. ललितानं हात धरून नेलं उंबऱ्यापावतर. देवाचा बुक्का बाजेवर बसून नाही लावत मी. तेवढंच. मंग परत आली ते बसलीच."

"डोळा लागला होता काय?"

"बुढी झालो म्हणून काय कीर्तनात झोपीन? श्रावणबाळाचं आख्यान होतं व माय! पुरं ऐकलं. मागचं दार कोणी उघडलं असतं तर कुरकुरलं नसतं काय?"

बाहेर आल्यावर तेजराम म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाले कळते काय, झोप लागली होती का नाही ते?" आणि खरंच, चारदोन माणसांनी माना डोलावल्या. तेजरामांनी बोलता बोलता उजव्या हाताची बाही वर केली, मनगटापासून कोपरापर्यंत खाजवलं, पुन्हा खाली केली. उन्हाळ्याचे दिवस, घामोळ्या आल्या असतील.

मग चूल. रुखमा नावाची कामाची बाई तिथं पुऱ्या लाटत होती. चोरीचं नाव निघालं की आधी कोणाकडे पाहतात हे तिला ठाऊक असावं. बिचारी विचारायच्या आधीच बोलू लागली.

"मी अठून उठली नाही, मावशी. इमान सांगते. बुक्कापण मले ललिताबाईनं चुलीपाशी येऊन लावला. पाहा न!" तिच्या कपाळावर काळी रेघ होती, घामानं जराशी ओघळलेली.

"तुह्यावर कोणी बोट नाही ठेवलं. मधात कोणी आलं होतं घरात?"

"माहं तळण चालू होतं, मी कायले पाहतो? फक्त कोंबड्या हाकलल्या. ढोलीच्या खोलीत शिरल्या होत्या. कोण्या पोट्ट्यानं धान सांडवलं होतं तठी, वेचून राहिल्या होत्या."

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी. धुरपताबाई तिथंच थांबली. सुईत दोरा ओवताना ती जशी एक डोळा बारीक करायची, तसा तिनं केला.

"कवा?"

"बुक्का लावून झाला, त्याच्या मांगून."

आम्ही मांडवात आलो तेव्हा उन्हं चिंचेच्या शेंड्याला टेकली होती. गाडीवानानं बैल जुंपायला काढले होते; आमच्याकडच्या दोन माणसांनी आपली गाठोडी उचललीसुद्धा. जागेश्वर भर मांडवात कोटाची सगळी बटनं लावून उभा होता. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता.

"पाहा," तेजराम म्हणाले, "पाप कसं निथळून राहिलं."

५

"मामाजी," धुरपताबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, "तुमीच एक पाहणारे. आमच्या पोराचं जगणं-मरणं तुमच्या शब्दावर आहे. जे पाहिलं ते एकडाव पुन्हा सांगा. सावकाश."

"कितीदा सांगू? मागच्या दारातून निघाला. कुंपण ओलांडलं. तलावाकडे गेला."

"तुमच्याकडे तोंड होतं?"

"सांगितलं न, पाठ होती. एकदाबी वळला नाही."

"आनं कोट?"

"हातावर. डाव्या हातावर."

"नीट आठवा. खांद्यावर तर नव्हता? पाठ झाकली नव्हती कोटानं?"

मला तिचा राग आला. कोट खांद्यावर होता असं ते म्हणाले असते तर जाकीट दिसलंच कसं, हा प्रश्न निघाला असता. आणि ही बाई त्यांना आपल्या हातानं आठवण करून देत होती! तेजरामांनाही तेच वाटलं असावं. ते सावरून बसले.

"खांद्यावर काहीच नव्हतं. पाठ पुरी उघडी."

"मंग पाठीवर काय दिसलं?"

"जाकीट. ते पिवळं कोशाचं. उन्हात अशी चकाकून राहिली होती पाठ."

"पाठ चकाकत होती."

"हो!"

"मानंपासून कमरंपावतर?"

"मानंपासून कमरंपावतर. बाई, तुमी शिवणकाम करता न? कोसा उन्हात कसा दिसते मी तुमाले सांगू?"

लोक हसले. धुरपताबाई हसली नाही. ती बुवांकडे वळली, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, "महाराज, चिपळ्या द्या."

बुवांनी पिशवीतून चिपळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या तेजरामांपुढे धरल्या.

"ज्या चिपळ्यांवर आता देवाचं नाव झालं, त्या हातात घेऊन एवढं एकच म्हणा. म्हणजे मी गप बसतो आनं सायकल जाऊ द्या."

तेजरामांचा हात पुढे आला, थांबला. बाहेर बैलाच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं. मग त्यांनी चिपळ्या घेतल्या.

"मी पाठ पाहिली," ते म्हणाले. "पिवळी होती."

कलाबाईनं डोळे मिटून घेतले.

६

"जागेश्वर," धुरपताबाई म्हणाली, "आता कोट काढ. आनं या सर्वांकडे पाठ कर."

त्यानं बटनं सोडली. कोट उतरला. तो वळला.

पाठ निळी होती.

गळ्यापासून कमरेपर्यंत, घामानं भिजून काळपट झालेलं निळं अस्तर, कोटाला आतून लावलेलं होतं तेच. मध्ये दोन पट्ट्या आणि पत्र्याचं लहानसं बकल. कोशाचा एक धागाही त्या पाठीवर नव्हता.

"सुटाच्या जाकिटाले दोन रंग असते," धुरपताबाई म्हणाली. आवाज कीर्तनातला, शेवटच्या ओळीपर्यंत पोचणारा. "पुढा चांगल्या कापडाचा, पाठ अस्तराची. वरून कोट राहते, मंग पाठीले महाग कपडा कोण लावंन? आनं अठी तर लावाले होताही नाही. इश्वरच्या उपरण्यात दोन पल्लेच निघाले. या पाठीची तुरपाई मी आपल्या हातानं केली."

मी कपाळाला हात लावला. तुलारामच्या बाकावर मी बसलो होतो, दोन पल्ले निघाले हे माझ्या कानांनी ऐकलं होतं. जागेश्वरनं स्वतः घातलं होतं. पण आपली पाठ कोण पाहतं? आणि त्या भीतीत त्याला कापडाचं काय सुचणार?

"मामाजीनं त्याले पाहिलं, ते खोटं नाही," ती पुढे म्हणाली. "आरतीच्या वेळी तलावाकडून येताना पाहिलं. आपण सर्वांनीच पाहिलं, समोरून. कोट हातावर, छाती पिवळी. तेच त्यायनं उलटं फिरवून पाठमोरं केलं. त्यायच्या स्वतःच्या आंगावर पाहा. खादीचं जाकीट मागून-पुढून एकाच कापडाचं असते. सुटाचंही तसंच असंन असं वाटलं त्यायले. मी पहिल्या शब्दालेच बोलली असती तर म्हणाले असते, दुरून पाहिलं, कोट खांद्यावर होता, नीट नाही दिसलं. म्हणून आधी सर्वांसमोर पुरं वदवून घेतलं."

तेजराम उठले. "उन्हात डोळे दिपले असंन माहे. त्यानं चोरी केली नाही असं थोडंच होते!"

"त्याचंही सांगतो. आजी एकदाच उठल्या, बुक्क्याच्या वेळी. खोली तेवढाच वेळ सुनी होती. त्या वेळी जागेश्वरच्या हातात वाटी होती, आनं तो मांडवातल्या एकेका माणसाच्या कपाळाले बोट लावत होता. सांगा, कोणाले नाही लावलं त्यानं?"

माणसं एकमेकांच्या कपाळाकडे पाहू लागली. काळ्या रेघा, काही पुसट, काही ओघळलेल्या. मग एकेक करून सगळ्यांचे डोळे एका जागी थांबले. सुरुवातीपासून बल्लीपाशी बसून होतो म्हणणाऱ्या तेजरामांचं कपाळ कोरडं होतं. कीर्तनांत जन्म घालवून माझ्यासारख्याला ते दिसू नये!

"पुसलं असंन मी!"

"असंन. मंग हात काहून खाजवता दुपारपासून?"

त्यांचा डावा हात उजव्या कोपरावर होता. तो तिथंच राहिला.

"धानाची कूस लागली, कुसळं टोचली, का खाज सुटते. आम्हा सर्वांले ठाऊक आहे. पण ते कापणी-मळणीच्या दिवसांत. फाल्गुनात साक्षगंधाले आलेल्या पाहुण्याच्या कोपराले कूस कुठून लागली? सोमाजीभाऊ, ढोलीत हात घाला. कोपरापावतर."

७

सोमाजी आत गेले. बांबूच्या त्या उंच ढोलीत धान सरकल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. मग तो थांबला. ते बाहेर आले तेव्हा बाहीला तूस चिकटलं होतं आणि मुठीतून सोन्याच्या मण्यांची सर लोंबत होती.

कोणी तेजरामांच्या अंगावर धावून जाण्याआधी ते आपणहून बोलले. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"सोन्यासाठी नाही केलं, सोमाजी. नेलं असतं तर खिशात घालून नेलं नसतं काय? माह्या बायकोच्या भाच्यासाठी ललिताले मागितलं होतं दिवाळीत. तुमी नाही म्हटलं. मामाच्या शब्दाले या घरात काही राहिलं नाही. वाटलं, हे मोडंन. मंग चार रोजानं एकदाणी ढोलीतच सापडली असती."

"आनं पोट्टा?" कलाबाई उठून उभी राहिली. "माहा पोट्टा कुठं सापडला असता?"

तेजरामांनी चिपळ्या बुवांच्या पायाशी ठेवल्या, चप्पल घातली आणि निघाले.

"थांब रे," आजीचा आवाज आला. ललिताच्या खांद्यावर हात टेकून सत्यभामाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. "बुक्का लावल्याबिगर माह्या दारातून कोणी जात नाही. वाक."

आपल्या मेलेल्या सुनेच्या भावाच्या कपाळावर म्हातारीनं बुक्क्याचं बोट ओढलं. "आता जाय. आनं लग्नाले येजो. मामाशिवाय नवरी मांडवात कशी आणू?" तेजराम मान खाली घालून गेले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मलाही त्यांच्या डोळ्यांकडे पाहवलं नसतं.

सोमाजी जागेश्वरपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलो, बापू. पण एवढं सांगून टाकलं असतं तर? तलावावर कायले गेलता?"

पोराचे कान पुन्हा लाल.

"ते नका विचारू," धुरपताबाई म्हणाली. मग जाकिटाच्या पुढच्या पल्ल्यावर तिनं बोट ठेवलं. हृदयाच्या जरा वर, कोशावर चारपाच गोल डाग होते. "कोशावर पाण्याचा थेंब पडला का डाग उमटते. हात-तोंड धुतलं असतं तर बाह्या भिजल्या असत्या. हे वरून पडले आहेत, मान खाली घातलेल्या माणसाचे."

आता कलाबाई रडू लागली, आणि तिनंच सांगितलं. इश्वर गेला तेव्हा पाणी पाणी करत होता; मुलगा मोहाडीहून निघाला होता, पण पोचला तोवर सगळं झालं होतं. तेव्हापासून जागेश्वर कोणासमोर रडला नव्हता. श्रावणबाळाच्या आख्यानाला उठून पाण्याच्या काठी गेला, आणि बापाचं उपरणं छातीवर घेऊन बसला. साक्षगंधाच्या दिवशी नवरदेव रडत होता हे भर मांडवात सांगण्यापेक्षा त्याला चोर ठरणं सोपं गेलं.

ललिता दारातून बाहेर आली. तिच्या हातात अजून वाटी होती. तिनं वाटी खाली ठेवली, खुर्चीवरचा कोट उचलला, झटकला आणि त्याच्यापुढे धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "उकडते."

साक्षगंध त्याच निळ्या पाठीनं आणि पिवळ्या छातीनं झालं. बैल पुन्हा सोडले. रुखमाच्या पुऱ्या गार झाल्या होत्या, आम्ही तशाच खाल्ल्या आणि दोनदा मागितल्या.

परत येताना गाडीत मी धुरपताबाईला म्हटलं, "मामानं चिपळ्या हातात घेतल्या नसत्या तर?"

"बरं झालं असतं, गुरुजी," ती म्हणाली. "मी वाट पाहत होतो का ते म्हणतीन, नाही घेत. थांबला होता न हात त्यायचा?"

आता ती नाही. पाच वर्षांपूर्वी एकादशीच्या कीर्तनात ध्रुपद धरता धरताच खाली बसली. आमच्याकडे बायकांच्या बाजूनं तसा आवाज पुन्हा उठला नाही. तिचा फोटो नाही, तिच्या नावाचा दगड नाही. तिनं केलेली काजं लोकांच्या अंगावर विरून गेली.

ऐका, मृदंग लागला. बुवा उठले. तर माझं ते लहानसं काम. मध्यंतरात बुक्क्याची वाटी तुमच्यापुढे येईल, तेव्हा घाईत कपाळ पुढे करू नका. क्षणभर थांबा, आणि मनात एकदा म्हणा, कोंढ्याची धुरपताबाई. मग लावून घ्या.